‘येऊन भेट’ एवढंच लिहिलं

बाबांना लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढू देऊ नका.

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांना सांभाळायचं, हे माझं काम. यंदा त्यांत एका वेल्डरची मुलगी होती. पहिल्या चाचणीत ती एका विषयात नापास झाली. मी चिठ्ठी पाठवली, ‘सोमवारी ऑफिसात येऊन भेट.’ शिकवणी लावून द्यायची होती, दुसरं काही नाही. ती रविवारीच खोली रिकामी करून घरी निघून गेली.

फोन केला तर तिची आई म्हणाली, "बाई, काढलंत तर काढलंत. चारचौघांत हाकललं नाहीत, हेच उपकार." मी परोपरीने समजावलं, पण पोरगी फोनवर येईना.

मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिथल्या साहेबांची अशीच चिठ्ठी आली, तेव्हा तुम्ही दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होतात. "पोरीचं चुकलं असेल, पदरात घ्या," म्हणून हात जोडलेत, आणि साहेबांनी नुसता शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे केला. आपण तो किस्सा सांगून किती हसायचो! निदान मी तरी आणखी दोन ओळी लिहायला हव्या होत्या.

पुढच्या शनिवारी तिच्या घरी जाते आहे. तिच्या वडिलांशी काय बोलू? त्या दिवशी साहेबांच्या दाराबाहेर बसला होतात, तेव्हा तुम्हाला कुणी काय म्हणायला हवं होतं, ते उलट टपाली कळवा.

तुमची,
धाकटी