रजईतला तेलाचा डबा

चिमणे,

रजईत बाळ नाही, तेलाचा डबा आहे. चहा थर्मासात आहे. रात्री बापाच्या स्वप्नात तुझी गाडी ढगांवरून चालली होती, जराही आवाज न करता.

तुझा हा बाप पुढे गेलाय. काल जाड तेलावरून भांडताना म्हणालीस, “बाबा, तुम्हाला मी जिंकायला नकोय.” तसं नाही गं. शर्यतीत पातळ तेलाने गाडी केसभर पुढे जाते, हे त्यालाही कळतं. पण या इंजिनात त्याने बेअरिंगच्या फटी मोठ्या ठेवल्यात. पातळ तेल तिथे टिकणार नाही, ऐन वेगात इंजिन जाम होईल. म्हणून जाडच. थंडीत ते तुझ्यासारखं हट्टी होतं, म्हणून ऊब दिली. कोमट आहे तोवर ओत.

हरलीस तर खुशाल बापाच्या नावाने खडे फोड. सुरुवातीच्या रेषेवर त्याला शोधू नकोस.

शर्यत संपल्यावर गाड्या जिथे थांबतात, त्या टोकाला तो उभा आहे.