मोगरीला बांधलेली चप्पल

टिटवाळा,
३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना साईनाथचा नमस्कार.

डोळ्याची पट्टी निघाली का? ड्रॉप्स वेळेवर घालून घ्या, रसिकाताईला ओरडू नका. आईने वाल सोलून दिलेत, ते शेजारच्या विनीतबरोबर ठाण्याला ताईकडे पाठवतो आहे. चिठ्ठीही त्याच्याकडेच. फोनवर तुम्ही "सगळं बरं ना?" विचारता आणि माझं "हो" ऐकून ठेवून देता. म्हणून लिहितो. ताई वाचून दाखवेल.

मोगरी व्याली, हे तुम्हाला माहीत आहे. कालवड आहे, कपाळावर पांढरा टिळा. पण वासरामागून पडायचा तो जार पडला नव्हता, हे मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही तो लोंबतच होता. महिपतकाका आले आणि माळ्यावरची तुमची जुनी चप्पल काढून जाराला बांधली. म्हणाले, "तुझ्या बापानंच जाताना सांगितलंय. वजनानं खाली येतो. नाही आला तर ओढतो, गंगीचा ओढला होता तसा."

मोगरी पाठ वाकवून कुंथत होती. मी चप्पल सोडली.

"आठवीत शाळा सोडलीस, आता गुरांचा डॉक्टर झालास होय रे?"

"झालो नाही काका, बोलावलेत."

डॉक्टर मृणालबाई आल्या. मोगरीला ताप होता, घाण वास येत होता. त्यांनीही जार ओढला नाही. म्हणाल्या, "ओढला की तुकडा आत राहतो, गर्भपिशवीला इजा होते. मग गाय गाभण राहत नाही, आणि आपण गायीला नावं ठेवतो." इंजेक्शनं दिली. जार नंतर आपसूक पडला. औषध चालू आहे तोवर दूध विकायचं नाही, म्हणून नव्या बिल्डिंगमध्ये दारोदार सांगून आलो. काहींनी दूध कायमचं बंद केलं. चालेल.

बाबा, गंगी गाभण राहिना, भरवली तरी सारखी उलटायची, पुन्हा माजावर यायची, तेव्हा आपण तिला शीळफाट्याच्या व्यापाऱ्याला दिली. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात. मी तेव्हा काही विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण गंगी वांझ नव्हती.

ताई, हे वाक्य गाळू नकोस.

जार अडकल्याचं काकांनी तुम्हाला फोनवर सांगितलं आणि तुम्ही त्याच व्यापाऱ्याला येत्या रविवारी मोगरीसाठी बोलावलंत, हे मला कळलं आहे. मी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं. तुम्ही रागवाल या धास्तीने काल लिहायला बसलो तर अक्षर वाकडं येत होतं, कागद फाडला. आज नीट येतंय.

मोगरी आता वैरण खाते, कालवडीला चाटते. पुन्हा गाभण राहील की नाही, ते डॉक्टरही आज सांगत नाहीत. मी वाट बघणार आहे. तोवर तिच्या दाव्याला कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही.

तुमची चप्पल साबणाने दोनदा धुतली, उन्हात वाळवली, पट्टा शिवून आणला. उंबऱ्याजवळ ठेवली आहे. घरी याल तेव्हा पायात घाला.

तुमचाच, पण गोठ्यातून न हलणारा,
साईनाथ