धनुष्कोडीची हजेरी

१६ जानेवारी, गुरुवार. गंगाखेड.

सहलीवरून येऊन चार दिवस झाले, तरी तो ‘हजर’ कानातून जात नाही.

त्या दिवशी सकाळी रामेश्वरम्. बावीस कुंडांची स्नानं, ओल्या साड्या, रेटारेटी. दुपारी धनुष्कोडी. वादळानं बुडवलेलं शहर. नुसती वाळू, वारा आणि चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती. निघताना मी जीपच्या दारात उभी राहून मैत्रिणींची हजेरी घेतली. तीस वर्षं शाळेत घेतली, सवय जात नाही. शैलाचं नाव पुकारलं, तर ‘हजर, बाई!’ आलं ते चर्चकडून. खणखणीत, शाळेत ती प्रार्थना सांगायची तेव्हाचा आवाज.

मी ओरडले, “चल लवकर, उशीर व्हायलाय!”

मागून, जीपमधून वत्सला म्हणाली, “कुणाला बोलवायलीस गं? शैला कवाची झोपलीय इथं.”

खरंच झोपली होती, खिडकीला डोकं टेकून. वारा असेल. पण सहा महिने घशातल्या गाठीनं तिचा आवाज घोगरा झालाय. मग तो खणखणीत ‘हजर’ कुणाचा?

उद्या परभणीला तिचं ऑपरेशन. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. आत्ता तिचा फोन आला. “हेडबाई, एकदा हजेरी घे की. लय भ्या वाटायलंय.”

“पोरकटपणा पुरे,” म्हटलं. तरी नाव पुकारलं.

“हजर.” घोगरा, तुटका. मी शाबास म्हणून फोन ठेवला.

पण अजून कान देऊन बसले आहे. त्या दुसऱ्या, खणखणीत ‘हजर’साठी.