काटा हललाच नाही

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून दिलंस, तरी मला बोलायला जागा नाही. त्या दिवशी दारात, जावईबापूंच्या देखत, मी तुला खोटारडी म्हणालो, त्याला सात महिने झाले. तू आईला फोन करतेस आणि मी खोलीत आलो की तिचं नुसतं हं, हं सुरू होतं. मग मी पाणी प्यायला आलोय असं दाखवून परत फिरतो.

बातमी अशी, की आपली म्हातारी गाडी चालू झाली. तीन लाख बारा हजार किलोमीटर पळालेलं इंजिन घरी खोलणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, असं गॅरेजवाला म्हणाला, आणि मी हट्टाला पेटलो. हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं, ऑइलमध्ये पाणी जाऊन त्याचा दुधाळ चहा झाला होता. हेड तेवढं लेथवाल्याकडून घासून आणलं, बाकी सगळं घरीच केलं. पिस्टन जेवणाच्या टेबलावर, नटबोल्ट आईच्या वाट्यांमध्ये. आई म्हणाली, आता पिस्टनलाच वाढते, तुम्ही बाहेर बसा.

खरं सांगू? हौस वगैरे काही नव्हती. मला तुझी चूक पुराव्यानिशी हातात हवी होती. चाळीस वर्षं मी दुकानांतले वजनकाटे तपासले. काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे मी घरात इतक्यांदा ऐकवलं की लहानपणी तू माझी नक्कल करायचीस. आणि तीच तू सांगत होतीस, की तू गाडी चालवत असताना चढावर पाण्याचा पाइप फुटला, बॉनेटमधून वाफ आली, तरी तापमानाचा काटा खालीच होता, हललाच नाही. इंजिन उकळतंय आणि काटा थंड? मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. तू किल्ली खुंटीला अडकवलीस आणि निघून गेलीस.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठवतं ना? तेव्हा दर आठवड्याला तिला दवाखान्यात न्यायचो. ती रस्ता सोडून काट्याकडेच बघायची. अहो, चढला. अहो, थांबवा. काटा असायचा अर्ध्यावर, जिथे हवा तिथेच, पण हिचा जीव टांगणीला. एकदा वैतागून मी काट्याची वायरच काढून टाकली आणि गाडी दुरुस्त केली म्हणून सांगितलं. ती निर्धास्त झाली. गुडघा बरा झाला आणि वायर जोडायची राहिली ती राहिलीच. न हलणाऱ्या काट्याकडे कोण बघतं? मी पार विसरून गेलो.

तीन आठवड्यांपूर्वी हेड बसवताना ती वायर हाताला लागली. टोकाला माझीच निळी टेप, माझ्याच पद्धतीने तीन वेढे घेतलेली. पुढचं लिहायला हात धजत नाही. मी इकडेतिकडे बघितलं आणि वायर गुपचूप जोडून टाकली. कुणाला कळणार होतं? आईला म्हणालो, विशेष काही सापडलं नाही. मला येताना बघून पारड्याखालचं लोहचुंबक खिशात घालणाऱ्या दुकानदारांची मी कशी खरडपट्टी काढायचो! मला माझीच लाज वाटते, ठमे.

आज सकाळी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. आई शेजारी. काटा हळूहळू वर आला आणि अर्ध्यावर थांबला. ती दचकून म्हणाली, अहो, चढला. मी गाडी बाजूला घेतली आणि ढसाढसा रडलो. तिला सगळं सांगून टाकलं.  ती म्हणाली, मला काय सांगताय, तिला सांगा, आणि जावयांसमोर बोललात ना, मग त्यांनाही कळू दे. म्हणून हे पत्र. जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. तू खरं बोलत होतीस. घरी ये म्हणायला मला तोंड नाही. पण तुझी किल्ली तू अडकवलीस तिथेच आहे, मी दुसरी वापरतो.

तुझाच,
खोटारडा बाबा