देवराईच्या मातीचं सारवण

मढ, ४ नोव्हेंबर २००३
पारगावहून एसटीनं आले. नातीचं भाड्याचं घर झकास. पुढं डोंगर, मागं विहीर, आणि साखर कारखान्याच्या मळीचा वास नाय. साक्षरता वर्गात शिकलेली अक्षरं गंजू नयेत म्हणून नातीनं, आरोहीनं, ही वही दिली. ती इथं मातीचा अभ्यास करते. पारगावच्या उसातली, अवसरीच्या रानातली आणि इथल्या देवराईतली माती बाटल्यांत घालून वर औषध ओतते. मातीच्या पोटातला रस पालापाचोळा पचवतो, त्याचं म्हणे हे माप. माती जितकी जिवंत, तितकी बाटली लाल. पारगावची जेमतेम गुलाबी. युरिया खाऊन सुस्तावलेली, आमच्या जावयासारखी. देवराईची मात्र कुंकवासारखी लालभडक.

६ नोव्हेंबर
भुईला पोपडे, आणि विद्वान पोरीला सारवता येत नाय. उरलेली देवराईची माती शेणात कालवून मीच सारवलं. लोण्यासारखी बसली. घरमालकीण गोजरबाई दारातूनच ओरडली, देवराईतली काडी कुणी घरात आणत न्हाई, आन् आजी, तुमी भुई केली! मी म्हणाले, बाई, माती ती माती. गोजरबाई काही उंबऱ्याच्या आत आली नाय.

९ नोव्हेंबर
वैताग नुसता. सांडलेले तांदूळ वेचायला वाकले तर एक दाणा नाय. मुंगी नाय, उंदीर नाय. केरसुणीची टोकं झडली. चटईला खालून भोकं. आरोही हसली. म्हणे आज्जी, माती चटई खाते, पण तिला महिने लागतात.

११ नोव्हेंबर
तिनं भुईची चिमूटभर माती बाटलीत टाकली. औषध ओतायच्या आतच लाल! घाबरायचं सोडून नाचली. घर सोडू म्हटलं तर म्हणे थोडे दिवस थांब, असा आकडा कुणाला मिळाला नाय. शिकून येडी झाली कार्टी.

१२ नोव्हेंबर
पोरीला ताप. भुईवरच पडून आहे, खाट कुठाय इथं. टाचांची कातडी गेली. रक्त नाय. पहारीनं सारवण उकरलं— हातभर खालीही तीच देवराईची काळी माती. मी तर बोटभर जाड लिंपलं होतं—

१३ नोव्हेंबर, सकाळ
माझ्या पायाची नखं— मरू दे. दुपारच्या एसटीनं हिला न्यायचीच. उठत नाय. म्हणते आज्जी, दुखत नाय काही, कटकट करू नकोस.

दुपार
गोजरबाईला हाका मारल्या. अंगणात उभी राहिली, पुढं येईना. मीच गोधडीसकट ओढत उंबऱ्यापर्यंत आणली. एवढी धडधाकट पोर— हलकी कशी लागली— गोधडी वर केली, तर कमरेखाली काहीच नाय