मागच्या कप्प्यातला आवाज

१२ नोव्हेंबर, बुधवार

बोट आली! ट्रेलरवर बसून, हायवेच्या ट्रकांमधून वाट काढत, थेट तलासरीला माझ्या वॉशिंग सेंटरवर. ड्रायव्हर लोक उतरून फोटो काढायला लागले. एक म्हणाला, "शेठ, समंदर किधर है?" म्हटलं, "पाइप में!"

मालक डहाणूचे मनिषभाई. हौसेने घेतली, हौस फिटली, मग कित्येक पावसाळे बदामाच्या झाडाखाली उभी. फायबरची आहे. हात फिरवला तर तळव्याला खडूसारखी पांढरी भुकटी. वर बदामाच्या पानांचे तपकिरी डाग, खाली शिंपल्यांचे खरखरीत खडे. गाड्या आयुष्यभर धुतल्या, बोट पहिलीच. मनिषभाई म्हणाले, "नविनभाई, अशी चमकवा की तोंड दिसलं पाहिजे."

घेणारा कोण, तर आपला चंद्रा! डहाणूचा, मासेमारीवाला, माझा जुना दोस्त. मुलगा नयन पर्यटक फिरवणार. ही बोट झाली तर नयन घरी राहील. नाही झाली तर पोरबंदरला ट्रॉलरवर खलाशी — म्हणजे पावसाळ्यापर्यंत तोंड दिसायचं नाही. चंद्राची बायको बायजी मला फोनवर म्हणाली, "भाऊ, नीट बघ हां. नवरा गेला समुद्रावर, पोरगा तरी किनाऱ्यावर ठेव." चंद्रा मागून ओरडला, "नवरा इथेच बसलाय गं!"

१४ नोव्हेंबर

नुसतं गोडं पाणी मारलं. पहिल्यांदा मीठ काढायचं, मग बाकीचं. मीठ राहिलं आणि वर कपडा घासला की चरेच चरे. शिंपल्यांचे खडे लाकडी पट्टीने काढले — लोखंड लावलं असतं तर वरचा थरच गेला असता. कंबर धरली.

१६ नोव्हेंबर, रविवार

चंद्रा आणि बायजी बसने आले बघायला. बायजीने सुक्या बोंबलांची पिशवी आणली. माझी बायको संगिता खूश.

मी बोटीच्या आतल्या जमिनीला वॅक्स लावायला घेतलं होतं. गाडीची सवय — दिसेल ते चमकवायचं. बायजी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, ही खरखरीत फरशी मुद्दाम ठेवलीय. तू चमकव — मुंबईची माणसं चढतील इकडून आणि उतरतील तिकडून, सरळ पाण्यात!" चंद्रा हसून हसून ट्रेलरला टेकला. मीही हसलो. लावलेलं सगळं साबणाने घासून काढलं.

जाताना चंद्रा म्हणाला, "वरचं जाऊ दे. आतून कशी आहे ते तू सांग. तुझा कान लाव." मागच्या वर्षी त्याच्या होडीच्या इंजिनातला बिघाड मी फोनवरून नुसता आवाज ऐकून ओळखला होता. तेव्हापासून तो चारचौघांत माझा कान मिरवतो. मलाही बरं वाटतं, खोटं कशाला लिहू!

१७ नोव्हेंबर

ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा शिकलेली विद्या — लोखंडी सळईने टायर ठोकायचा, आवाजावरून हवा सांगायची. एक कान लावायचा, दुसरा तळहाताने दाबायचा, नाहीतर हायवे मध्ये बोलतो. त्या कानावर मी पोट भरलं, त्या कानावर धंदा केला. गिऱ्हाईक बायकोशी दराबद्दल कुजबुजतं, मला केबिनमध्ये ऐकू येतं, मी आधीच थोडे कमी सांगतो. लोक म्हणतात, नविनशेठ मनातलं ओळखतो!

आज बोट ठोकली. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन पुढून मागे. टण्, टण्, टण्. छान घट्ट. शेवटी मागच्या बाकाखालचा कप्पा. इंजिनाने जागा अडवलीय, डाव्या कुशीवर झोपूनच आत शिरता येतं. कान लावला. ठोकलं.

ढब.

परत ठोकलं. ढब. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. म्हणजे फायबरच्या आतली फळी पाणी प्यायलीय. इंजिन टांगलेलं असतं त्याच फळीवर. भर समुद्रात फळी सुटली तर?

१८ नोव्हेंबर

मनिषभाईंना सांगितलं. चिडले. "अरे यार, तमे पॉलिशवाळा के डॉक्टर? एक थेंब आत गेला नाही माझ्या बोटीत!" मी शांतपणे म्हटलं, "शेठ, पॉलिश होईलच. पण चंद्राने विचारलंय, त्याच्याशी खोटं नाही बोलणार."

"तुमच्या एका कानावर माझा सौदा मोडणार?"

मी हळूच म्हटलं, "चहा घ्या, शेठ." गिऱ्हाइकाने आवाज चढवला की आपण उतरवायचा — धंद्याचा नियम.

१९ नोव्हेंबर

चंद्राला सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. "हॅलो, हॅलो" केलं, मग फोन दुसऱ्या कानाला लावला तर तो बोलतच होता. या टॉवरचं काही खरं नाही! म्हणाला, "तू बोलला ना, मग संपलं. सोडली."

मी म्हटलं, एकदा मिस्त्री आणून बघ. तर म्हणतो, "कशाला? तुझ्या कानावर माझा भरवसा आहे."

छाती फुगायला हवी होती. नाही फुगली.

२१ नोव्हेंबर

वॉटर पेपरने घासून झालं, आता कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. मशीन हळू फिरवायचं, एका जागी थांबलं की थर जळतो. दुपारी सावलीत घेतली. भुकटीखालून पांढराशुभ्र रंग वर येतो तेव्हा स्वतःच आंघोळ केल्यासारखं वाटतं. काय देखणी बोट! आणि आतून कुजकी. वाईट वाटतं.

मनिषभाईंचा निरोप आला — काम पूर्ण करा, दमणची पार्टी घेतेय, इंजिन वेगळं विकलं, माणूस उतरवून नेईल.

२३ नोव्हेंबर, रविवार

संगिता चिडली. "टीव्ही एवढा मोठा कशाला? विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला ऐकवायचाय का?" मी म्हटलं, हल्ली बातम्यावाले पुटपुटतात. म्हणाली, "पुटपुटतात? अहो, ओरडतात ते! सेंटरवरच्या त्या कॉम्प्रेसरच्या बाजूची खुर्ची हलवा आता, किती वर्षं तो तुमच्या डोक्याशी भांडतोय." बायकांना कशाचं काय!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बायजीचा फोन. नयनने पोरबंदर पक्कं केलं. शुक्रवारी सकाळच्या बसने जाणार. रडली नाही. फक्त म्हणाली, "तू वाचवलंस भाऊ. बुडाला असता तर काय केलं असतं? लांब का होईना, जिवंत तर राहील." मग सुक्या बोंबलांचं विचारलं, संपले का म्हणून.

हिच्या मनाचा मोठेपणा! मला मात्र भाकरी गोड लागली नाही.

२६ नोव्हेंबर

इंजिन उतरवून नेलं. उद्या शेवटचं वॅक्स, परवा दमणवाले येतील. त्यांनाही कप्प्याचं सांगणार, मनिषभाईंना काय वाटायचं ते वाटो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

इंजिन नव्हतं, म्हणून आज कप्प्यात उलटीकडून शिरलो. उजव्या कुशीवर. सहज ठोकलं. टण्! जागा तीच. परत — टण्! कूस बदलली, डावा कान लावला. ढब.

घरी आलो. उजवा कान तळहाताने दाबला आणि संगिताला म्हटलं, स्टीलचा पेला माझ्या डाव्या कानाशी धर आणि चमच्याने वाजव. ती हसत होती. माझं तोंड बघून थांबली.

ढब.

बोट ठणठणीत आहे.

नयनची बस सकाळची. गाडी काढतोय.