जमाल खलास

४ जानेवारी, रविवार. दुक्म, ओमान. लेबर कॅम्प.
नवीन वर्षाचा संकल्प आजपासून सुरू. रोज डायरी, आणि कमी शब्द. मोबाईलवर एका जुन्या क्रांतीतल्या सेनापतींचा आणि राजदूतांचा पत्रव्यवहार वाचतोय. काय मोजकं लिहायचे! एका ओळीत किल्ला ताब्यात. मी साइटवर टाइमकीपर असलो तरी मूळ पिंड राजदूताचा. आई लहानपणापासून म्हणायची. तिचा शब्द 'चोंबडा' होता, भाव तोच.

संध्याकाळी इथेच क्रांती. मेसमध्ये बी ब्लॉकने ताटं उलटी घातली. समुद्र इतका जवळ की कपड्यांना वास येतो, आणि ताटात रोज फ्रोझन कोंबडी. सेनापती इरफान, स्कॅफोल्डिंगचा फोरमन, मुरुडचा. समोर जमालचाचा, आमचे कुक, दाभोळचे. मी तटस्थ. दोनदा वाढून घेतलं.

५ जानेवारी, सोमवार
चाचांनी चहा बंद केला. प्रतिहल्ला. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून निरोप माझ्यामार्फत. खरं तर मीच मध्ये जाऊन उभा राहिलो होतो.

इरफानचा निरोप: चाचाला विचार, ही आमटी की हात धुवायचं पाणी? मी पोचवलं, आमटीच्या दाटपणाबद्दल सैन्यात चिंता आहे. चाचांचा निरोप: त्या मुरुडवाल्याला सांग, कंपनी देते ते रांधतो, मासा काय खिशातून काढू? मी पोचवलं, चाचा विचार करतायत. दोन्हीकडे शांतता. माझ्यामुळे.

७ जानेवारी, बुधवार
अर्बाबना कळवलं. अर्बाब म्हणजे कॅम्पचे मालक सालिम साहेब. माणूस भला, पण लांब मेसेज वाचत नाही. मी रिपोर्ट पाठवला, इंग्लिशमध्ये, मुद्देसूद. उत्तर आलं: जमाल मुश्किल? मी लिहिलं, बिग मुश्किल. जरा जास्त झालं, पण पत्रव्यवहाराला वजन लागतं.

इथले शब्द मला तोंडपाठ. नवीन आलेल्यांना मीच शिकवतो. 'माफी' म्हणजे इथे क्षमा नव्हे, 'नाही'. माफी पानी, म्हणजे पाणी नाही. 'खलास' म्हणजे संपलं, मिटलं. एका शब्दात अख्खं वाक्य. भाषा असावी तर अशी.

९ जानेवारी, शुक्रवार
तह झाला! चाचा सकाळीच बंदरावर गेले आणि ओळखीच्या मच्छीमाराकडून सुरमई घेऊन आले. नारळाचं कालवण. इरफानने पुन्हा पुन्हा भात घेतला, मग किचनमध्ये जाऊन चाचांना मिठी मारली. रडला. तो म्हणतो कांदा होता.

चाचा म्हणाले, माझ्या लेकीचं, मुस्कानचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, ती उभी राहिली की मी कायमचा घरी, तोवर तुम्हा पोरांना उपाशी ठेवणार नाही. इरफान मला म्हणाला, देवेश, अर्बाबला कळव, चाचांशी भांडण खलास, यल्ला. म्हणजे चल, लवकर.

पहिला मसुदा अकरा ओळींचा. संकल्प आठवला. छाटत छाटत दोन शब्दांवर आणला: जमाल खलास. लगेच उत्तर: तमाम. म्हणजे उत्तम. वर अंगठा. इतिहास असाच घडतो.

१२ जानेवारी, सोमवार
चाचांना ऑफिसात बोलावणं. वाटलं, शाबासकी असेल. परत आले ते खुर्चीत बसूनच राहिले. व्हिसा कॅन्सल. गुरुवारचं तिकीट. अर्बाब म्हणाले म्हणे, तुझ्याच माणसांना तू नकोस.

इरफान ओरडला, कोण तो हरामखोर? मीही विचारलं, कोण असेल?

'खलास' भांडणाला लावलं की भांडण मिटतं. माणसाच्या नावाला लावलं की माणूस मिटतो. मला ठाऊक होतं हे. गेल्या वर्षी आमच्यातला यासिर असाच खलास झाला, कामावरून काढला गेला, तेव्हा त्याची बॅग मीच बसमध्ये चढवली होती.

पण शब्द चूक नव्हता. वाचणाऱ्याने संदर्भ बघायला हवा. जेवलो नाही.

१३ जानेवारी, मंगळवार
संकल्प: उद्या अर्बाबना सगळं सांगायचं. सरळ.

दुपारी चाचा आले. म्हणाले, देवेश, तू शिकलेला, तुझे शब्द लागतात, माझ्यासाठी एक अर्ज लिही. तुझे शब्द लागतात! मान वर करवेना. लिहिला. तीन पानी, सुंदर. 'गैरसमज' हा शब्द चार वेळा आला. कोणाचा, ते लिहिलं नाही. भाषेच्या ओघात बसेना.

१४ जानेवारी, बुधवार
अर्ज घेऊन गेलो. अर्बाबनी पानं चाळली, बाजूला ठेवली, कहवा ओतला, खजूर पुढे केले. विचारलं, जमाल मुश्किल?

एवढंच म्हणायचं होतं की तो मेसेज माझा, चूक माझी. तोंडात खजूर होता. गिळला. बी हातात घेतली. आणि म्हणालो, माफी मुश्किल, अर्बाब. त्यांनी विचारलं, खलास? मी म्हणालो, खलास. त्यांनी माझी पाठ थोपटली.

बाहेर इरफान उभा होता. त्याला सांगितलं, अर्बाब विचार करतायत.

१५ जानेवारी, गुरुवार
चाचा गेले. मस्कतच्या बसपाशी सगळा बी ब्लॉक. मला सगळ्यात जास्त वेळ धरून ठेवलं. म्हणाले, तू केलंस तेवढं माझ्यासाठी कोणी केलं नाही.

खरं आहे.

लाज वाटते. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही.

१७ जानेवारी, शनिवार
नवा कुक. फ्रोझन कोंबडी. ताटं कोणी उलटी घातली नाहीत. इरफान म्हणाला, देवेश, अर्बाबला लिही ना काहीतरी. मी म्हणालो, मी राजदूतपद सोडलंय. तो म्हणाला, तुला दिलं कोणी होतं?

रूमवर येऊन चाचांना मेसेज लिहायला घेतला. अर्बाब, शब्द, मुस्कान, खजूर, सगळं लिहिलं. वाचून बघितलं. फार लांब झालं होतं. छाटत छाटत एकच शब्द उरला. तो पाठवला: माफी.

थोड्या वेळाने दाभोळहून उत्तर आलं. इतकी वर्षं गल्फमध्ये काढलेला माणूस. विचारतात, काय माफी रे? मासे माफी? फ्रीजरमध्ये खाली बघ, वाटाण्यांच्या पिशवीमागे. सुरमईच्या दोन तुकड्या तुझ्यासाठी ठेवून आलोय.

जाऊन बघितलं. होत्या. वर कागद, कागदावर माझं नाव.

फोन हातात धरून बसलो. बरंच टाइप केलं, बरंच पुसलं. शेवटी पाठवलं: तमाम.